सर्व तळ्यांना कुंपण आहे

३ नोव्हेंबर, सोम. दौंड

कॉलेज सुरू. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या डब्यात उरलेल्या चकल्या. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडं यंदा दिवाळी नसेल ना, भाऊ गेल्यामुळं." मग स्वतःच ओशाळल्या. आमच्याकडे दिवाळी कधीच नसते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलेलं नाही. मी म्हटलं, नाही, यंदा नाही. एक चकली घेतली. बरी होती.

दुपारी पुण्याहून फाइल आली. शेततळ्यांच्या अभ्यासाची, दोन्ही फेऱ्यांची माहिती एकत्र केलेली. सोबत प्रकल्पप्रमुख देशमुख सरांची ओळ: "सुजाता मॅडम, 'सुरक्षा' हे प्रकरण तुमच्याकडे. छोटंच आहे. डिसेंबरअखेर द्या." छोटं आहे म्हणूनच माझ्याकडे. पाऊस लांबला तर तळ्यानं किती पीक वाचवलं, हवामान असंच बिघडत गेलं तर पुढं काय, ही मोठी प्रकरणं पुण्यातल्यांकडे. मी दौंडची, तासिका तत्त्वावरची. माझ्याकडे जाळी, दोर आणि सूचनाफलक.

आकडे चालवून पाहिले. कुंपण असलं तर १, नसलं तर ०. सॉफ्टवेअरनं तो रकानाच गाळून टाकला. बिघाड नाही त्यात. सगळीकडे १ असेल तर त्यावरून काही सांगता येत नाही, म्हणून ते गाळतं. हे मी दरवर्षी एम.ए.च्या पोरांना शिकवते.

आमचंही तळं नमुन्यात आहे. कोड नंबरानं. तिथंही १.


४ नोव्हें., मंगळ.

रोजनिशीत तरी सरळ लिहावं.

अनुदानाचा शेवटचा हप्ता तळ्याला कुंपण असल्याचा फोटो गेल्याशिवाय निघत नाही. जाळी महाग. म्हणून मलठणजवळच्या आमच्या वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून एका तळ्याला पुरेल एवढी जाळी घेतली. खांब ज्याचे त्याचे, सिमेंटमध्ये पक्के रोवलेले. जाळी फिरती. ज्याची तपासणी, त्याच्याकडे जाळी. फोटो झाला की गुंडाळून पुढं. आमच्या दादानंही वर्गणी भरली होती.

आमच्या सर्वेच्या पोरी गेल्या हिवाळ्यात वस्तीवर गेल्या, तेव्हा त्या एका तळ्यावर चहा पीत होत्या आणि पुढच्या तळ्यावर जाळी लागत होती. मग तिथंही चहा. दादानं फोनवर सांगितलं होतं. "तुझ्या पोरींना कपानं चहा पाजून पाजून आमचं दूध संपलं. पुढच्या येळंला आधी कळव, जाळी न्यायला टेम्पो लागतो." मी हसले होते. तोही हसत होता. इतका की ठसका लागला त्याला.

मे महिन्यात तो आमच्याच तळ्यात गेला.


६ नोव्हें., गुरु.

दुसऱ्या फेरीची माहिती पाहिली. सप्टेंबरात फोनवर घेतलेली. आमच्या ओळीत दोनच गोष्टी बदलल्या आहेत. उत्तर देणारा: पहिल्या फेरीत पुरुष, दुसऱ्या फेरीत स्त्री. आणि दुरुस्तीच्या रकान्यात: तळ्याचा कागद फाटला, जोड लावला.

तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात. तो फाटला कारण दादाला बाहेर काढताना गळ टाकले होते. का फाटला, हे आपल्या फॉर्ममध्ये विचारत नाहीत.

वाचून काही वाटलं नाही. नंतर वाटेल म्हणून थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. मग तास होता.


९ नोव्हें., रवि. वस्तीवर

सकाळच्या गाडीनं चौफुला, तिथून न्हावरा, शिरूर, पुढं मलठणची जीप. उन्हं आत्ताच एवढी. जीपमधल्या म्हातारीनं विचारलं, "कुणाच्यात चालली बाय?" दादाचं नाव सांगितलं. मग तिनं सरकून मला नीट बसायला जागा करून दिली.

वहिनी कांद्याच्या रोपाला पाणी देत होती. मला बघून मोटर बंद केली नाही. तनू दहावीत, अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल. आत्या म्हणून गळ्यात पडायची पोर, आता लांबूनच "आलीस?" म्हणते.

तळ्यावर गेले. जाळी उभी आहे. मे महिन्यापासून तीच.

त्या दिवशीचं: सक्शनचा पाइप तुंबला म्हणून दादा उतरला. शेवाळ. पोहता येत होतं त्याला, भीमेत पोहून मोठा झालेला माणूस. पण त्या कागदावर पाय ठरत नाही, हाताला काही लागत नाही. वहिनी मलठणच्या बाजाराला गेलेली. शेजारच्या इलाहीचाचांना, इलाही मुलाणींना, बांधावर चपला दिसल्या. त्यांनीच कमरेला दोर बांधून आत उडी टाकली. उशीर झाला होता.

मी आणि आप्पा दौंडहून पोचलो तेव्हा दादाला शिरूरला नेलेलं. आणि बांधावर वस्तीवरची माणसं जाळी लावत होती. पोलीस पाटील उभे राहून सांगत होते, "चारी बाजूनं आवळा. उद्या पंचनाम्याला येतील. जाळी न्हवती म्हणलं तर निष्काळजीपणा लावतील आन् वहिनींचा दावा अडकंल." म्हणजे शेतकरी अपघात विम्याचा. रडत रडत तारा पिळत होती माणसं. दुपारची भाकरीसुद्धा कुणी खाल्ली नव्हती.

पंचनाम्यात आलं: तळ्यास सर्व बाजूंनी जाळीचे कुंपण आहे.

इतक्या मायेनं केलेली गोष्ट. तिच्याबद्दल काय बोलायचं.


१० नोव्हें., सोम.

काल लिहायचं राहिलं. संध्याकाळी इलाहीचाचा आले. बसले. चहा घेतला. कांद्याच्या रोपाबद्दल बोलले, बिबट्यानं कुणाचं वासरू नेलं ते बोलले. तनूला अभ्यासाचं विचारलं. दोनदा उठले, दोनदा बसले. मग गेले.

वहिनी म्हणाली, "जाळी मागाया आलते. मागवंना त्यास्नी."

चाचांचं नवं तळं झालंय. फोटोचा नंबर त्यांचा.

"मग दे की," मी म्हटलं.

"न्हाई द्यायची."

"सगळ्यांची आहे ती, वहिनी."

"ठाव हाय मला. तरीबी न्हाई द्यायची."


१४ नोव्हें., शुक्र.

टी.वाय.ला बाह्यता शिकवली. दोघांच्या व्यवहाराची झळ तिसऱ्याला बसते आणि ती किमतीत कुठं दिसत नाही. उदाहरण मागितलं. खुटबावची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या शेजारी गुऱ्हाळ आहे. धुराची काजळी आमच्या धुण्यावर. पण गुळाच्या वेळी काकवी देतात, म्हणून आई भांडत नाही." वर्ग हसला. मी फळ्यावर काकवी लिहिलं, नुकसानभरपाईच्या खाली. चांगलं उदाहरण. पुस्तकात द्यावं असं.

शिकवताना माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येतो. पोरांना फरक कळत नाही. कदाचित पूर्वीही असाच असेल.


१८ नोव्हें., मंगळ.

दे. सरांचा फोन.

"सुरक्षेचं काय झालं?"

"चालू आहे."

"अहो, त्यात चालू काय असणार? सर्व तळ्यांना कुंपण आढळले. योजनेची अट यशस्वीपणे पाळली गेली. दोन परिच्छेद आणि एक तक्ता."

मी हो म्हटलं.

"आणि जानेवारीतली मुलाखत लक्षात आहे ना? मी समितीत नाही. पण विचारतील मला. अहवालात नाव असलेलं बरं."

पुण्यातली कायमची जागा. पर्यावरण आणि हवामान बदलाचं अर्थशास्त्र, एवढं लांबलचक नाव असलेलं पद. पीएच.डी. झाल्यापासून अशीच वाट पाहिली. दरवर्षी जूनमध्ये तासिकांचा अर्ज, दरवर्षी तीच छायाचित्रं, त्यात मी दरवर्षी थोडी जाड. आता जागा आली तर आनंद व्हायला हवा. होईल बहुतेक.

सरांना माहीत नाही. मे महिन्यात मी एवढंच कळवलं होतं की भाऊ अपघातात गेला. त्यांनी धरून घेतलं, नगर रोड. सगळ्यांनीच तसं धरलं. मी दुरुस्त केलं नाही. रस्त्याच्या अपघाताला लोक लगेच मान हलवतात, पुढं विचारत नाहीत. सोयीचं पडतं.


२३ नोव्हें., रवि. वस्तीवर

वहिनीशी भांडण. भांडण म्हणजे तिनं केलं, मी उत्तरं दिली.

मी सरळ सांगितलं. मला अहवालात लिहायचंय, की वस्तीवर एकच जाळी आहे, फोटोपुरती फिरते. तसं लिहिलं तर पुढं कुठंतरी, कुणीतरी, अट कडक करेल, खरी कुंपणं होतील. आणि तसं लिहिलं तर तुझा दावा अडकू शकतो. पंचनाम्यात जाळी आहे. आपल्या घरचंच माणूस जाळी नव्हती म्हणून लिहितंय, हे उघड होईल.

"म्हंजी मला इचारताय व्हय?"

"हो."

"तुम्ही शिकल्याल्या. तुम्हाला एवढं मोठं मास्तर केलं आप्पांनी. आन् इचारताय मला." तिनं ताटली जोरात आपटली. "मला न्हाई ठाव. मला एवढंच ठाव हाय, माझी पोर त्या बांधावरनं शाळंला जाती. जाळी हाय तवर मला झोप लागती."

मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "चाचा आत उतरले व्हते. त्यांच्या पोराचा फोन आलता काल. 'मामी, एक दिवसासाठी द्या.' चाचांनी सोताहून न्हाई केला. पोराला करायला लावला."

"मग?"

"मग काय. त्यांना न्हाई कशी म्हणू मी?"

तिला राग आला की तिच्याकडे बघून बरं वाटतं. निदान घरात एकीला तरी येतो.


२७ नोव्हें., गुरु. दौंड

आप्पांना विचारलं. रेल्वेत फाटकावर नोकरी केलेला माणूस, त्यांना नियमांचं काहीतरी मत असेल असं वाटलं. ते टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. आवाज बंद करून बघतात हल्ली.

"आप्पा, खरं लिहिलं तर वहिनीचं नुकसान. नाही लिहिलं तर..."

"मला नको इचारू," म्हणाले. "मी सुटलो त्या सगळ्यातनं."

मग उठून स्टेशनवर गेले. रोज जातात. पुलाखालच्या बाकावर बसतात, सोलापूरकडची एक गाडी जाऊ देतात आणि येतात. तिथं त्यांच्या वेळचं कुणी भेटत नाही. तरी जातात. मी त्यांच्यामागं कधी गेले नाही. गेले असते तर दोघंही बाकावर बसून राहिलो असतो, काही न बोलता. ते घरीही करतोच.


२ डिसेंबर, मंगळ.

प्रकरण लिहायला घेतलं.

"बहुतांश तळ्यांना कुंपण आढळले." खोटं. आकडेवारीत बहुतांश नाही, सर्व आहे.

"सर्व तळ्यांना कुंपण आढळले, तथापि कुंपणाच्या स्थायी स्वरूपाविषयी अधिक अभ्यासाची गरज आहे." हे आमच्या लोकांचं आवडतं वाक्य. अधिक अभ्यासाची गरज आहे. म्हणजे मला माहीत आहे पण सांगणार नाही. सगळ्या कारकिर्दीत हे मी किती निबंधांच्या शेवटी लिहिलं असेल. परदेशी समीक्षकांनाही आवडतं.

तेही खोडलं.

तोट्याच्या बाजूला काय काय धरतो आपण: खोदाई, कागद, खांब, जाळी, दुरुस्ती, तळ्याखाली गेलेल्या जमिनीचं पीक. बुडून मेलेल्यांचा रकाना नाही. सुरुवातीला फॉर्म ठरवताना कुणी विचारलंही नाही. मीही होते त्या बैठकीत. समोसे होते.


६ डिसें., शनि.

संध्याकाळी पुतळ्याजवळ मेणबत्त्या. आप्पा पांढऱ्या शर्टात, इस्त्री स्वतः केलेली. दरवर्षी वहिनी, दादा, तनू येत असत. आज वहिनीला फोन केला तर म्हणाली, "कॅनॉलला आवर्तन सुटलंय. विहिरीला पाणी वाढलं. तळं भरून घेतीय. ते सोडून कशी यिऊ?"

तळं भरतेय. म्हटलं, बरं.

वंदना झाली. सगळ्यांचा आवाज एकदम येतो तेव्हा माझाही त्यात होता, तो ऐकू आला नाही. त्यानं थोडं हलकं वाटलं.


१४ डिसें., रवि.

दे. सर स्वतः बघायला येणार. अहवालाच्या मुखपृष्ठासाठी चांगल्या तळ्याचा फोटो हवाय. "तुमच्याच भागात येतो, शिरूर तालुक्यात. तुमचा फिल्डशी संबंध चांगला आहे म्हणतात. पुढच्या मंगळवारी."

वहिनीला सांगितलं, मंगळवार. ती म्हणाली, "मग रविवारी चाचांचा फोटू उरकून घिऊ. सोमवारी परत लावू."

म्हणजे देणार आहे. मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "एक दिवस मी बसंन बांधावर. हाय काय त्यात."


२१ डिसें., रवि. वस्तीवर

नीट क्रमानं लिहिते.

सकाळी चाचांचा पोरगा आणि आणखी दोघं येऊन जाळी काढून घेऊन गेले. चाचा स्वतः आले नाहीत. वहिनीनं तनूला घरात कोंडलं म्हणावं इतकं दटावलं, आणि स्वतः बांधावर जाऊन बसली. पोत्यावर. समोर सुपात लसूण. लसूण सोलत तळ्याकडं पाठ करून नाही, तोंड करून बसली. तळं काठोकाठ. निळा कागद, त्यात आभाळ. चारी बाजूला नुसते खांब.

मी चहा घेऊन गेले. म्हटलं, मी बसते, तू घरात जा. "तुम्हाला पवता येतं का?" नाही म्हटलं. "मंग मीच बसते. मला बी येत न्हाई, पण मला वरडता येतं." हसली. मीही. मे महिन्यानंतर पहिल्यांदा दोघी एकदम.

दुपारी सरांचा फोन. "सुजाता मॅडम, मंगळवारी गाडी नाही मिळत. आज मोकळी होती, निघालो. मलठणला पोचलोय. पुढं कसं यायचं?"

मी रस्ता सांगितला. काय करणार होते? वस्ती लपवता येत नाही.

रस्त्याला आधी चाचांचं तळं लागतं. मी पोचले तोवर सर गाडीतून उतरून खूश. नवं तळं, नवी माती, चारी बाजूनं ताणून बसवलेली जाळी. चाचा टोपी नीट करून कडेला उभे. सरांनी फोटो काढले, उभे, आडवे. "वा. मुलाणी, तुम्ही आदर्श काम केलंय." चाचा मला बघत होते. मी चपलेकडे.

मग सर म्हणाले, "ते शेजारचं भरलेलं दिसतंय, तेही बघू." आणि चालायला लागले. पुण्याच्या माणसांना बांधावरून चालायला फार आवडतं.

वहिनी उठली नाही. पदर घेतला फक्त.

सर म्हणाले, "ताई, खांब आहेत, जाळी कुठाय?"

वहिनी म्हणाली, "तुम्ही आत्ता जिचा फोटू काढला, तीच."

सरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलले नाही, आणि ही गोष्ट मी लिहून ठेवते आहे, की मी काही बोलले नाही.

मग वहिनीनं सांगितलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही, लसूण हातात तसाच. "एकच हाय सायब, सगळ्यांत. फोटूपुरती. माझा मालक ह्यात गेला तवाबी न्हवती. मागनं लावली. ह्या वन्सं हायेत न्हवं, त्यांचा भाऊ."

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. "सुजाता," म्हणाले, मॅडम म्हणायचं राहिलं. मग म्हणाले, "पाणी मिळेल का थोडं?"

तनूनं पाणी आणून दिलं. प्यायले, चाचांशी हात मिळवला, गाडीत बसले. वाईट माणूस नाही. जाताना गाडीच्या काचेतून वहिनीला नमस्कार केला, दोन्ही हातांनी.

जाळी संध्याकाळीच परत आली. चाचांनी स्वतः आणली, खांद्यावरून, हप्त्याचा फोटो न काढताच. तारा पिळताना म्हणाले, "मेरा फोटू जाऊ द्या आता. पोरगी सुखरूप राहूं दे."


२४ डिसें., बुध. दौंड

सरांचा फोन. आधी बराच वेळ दादाबद्दल. कसा होता, वय काय. मनापासून विचारत होते. मी वय सांगितलं, आणि कांदा चांगला पिकवायचा एवढं सांगितलं. तेवढंच आठवलं.

मग म्हणाले, "मी दोन दिवस विचार करतोय. आपली नोंद सर्वेच्या दिवसाची आहे. त्या दिवशी त्या तळ्याला जाळी होती. मुलींनी डोळ्यांनी पाहिली. शास्त्र म्हणून आपण त्या दिवसाला बांधील आहोत. नंतर ऐकलेल्या गोष्टी घालायला लागलो तर सगळा अहवालच कोसळेल."

बरोबर आहे. पद्धत म्हणून यात चूक काढता येत नाही. मीही विद्यार्थ्याला हेच सांगितलं असतं.

"पण," म्हणाले, "प्रकरण तुमचं आहे. नाव तुमचं आहे. तुम्ही जे पाठवाल, ते मी छापीन. मी त्यात हात घालणार नाही. रविवारी दुपारपर्यंत."

हे चांगुलपणानं म्हणाले की अंग काढून घेतलं, मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. मुलाखतीबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही.


२७ डिसें., शनि.

काही लिहिलं नाही. पेपर तपासले. एकानं बाह्यतेच्या उत्तरात काकवी लिहिली आहे. पूर्ण गुण दिले.

वहिनीचा दावा डोक्यातून जात नाही. एवढी मोठी पोर शिकवायची आहे तिला. माझ्या एका परिच्छेदानं दावा अडकला तर? तिनं सरांपुढं तोंडानं सांगितलं, ते हवेत गेलं. मी लिहिलं तर ते राहणार. हा विचार करते आणि थांबते. थांबणं सोपं आहे, भूक लागत नाही त्याला.


२८ डिसें., रवि.

सकाळी अकराच्या सुमारास वहिनीचा फोन.

"सायबांनी लिव्हलं का?"

"लिहायचं माझ्याकडंच आहे."

"मग?"

"तुझ्या दाव्यासाठी थांबलेय."

मागे मोटरचा आवाज. मग म्हणाली, "शुक्रवारी शिरूरला गेलते दाव्याचं इचाराया. तिथला मानूस म्हणला, कुंपन चारी बाजूनं हाय असं कागदात हाय. मग मानूस आत गेला कसा? वलांडून गेला का? सोताहून गेला का?"

"मला ते नवं न्हाई," वहिनी म्हणाली. "तनूला शाळंत कवापासून इचारत्यात. पप्पा जाळी वलांडून का गेले गं. घरात काय झालतं का. ती मला सांगत न्हवती. परवा सांगितलं. आन् मला इचारती, मम्मी, खरंच काय झालतं का."

पोलीस पाटील, चाचा, ती तारा पिळणारी माणसं. कुणाच्या मनातही हे आलं नसणार. माझ्या तर नाहीच, आणि मी एका आकड्यावरून दुसरा काढण्यावर पोट भरते. कुंपण १, माणूस पाण्यात. यातून कुणीही काय काढेल? शाळेतल्या पोरांनी काढलं.

"दावा मिळू न्हाईतर न मिळू, वन्सं," वहिनी म्हणाली. "त्यो पाइप काढाया गेलता. एवढं कुटंतरी असाया पायजे."

फोन ठेवल्यावर रडले. आप्पा बाहेरच्या खोलीत होते. उठून आले, दारात उभे राहिले, टीव्हीचा रिमोट हातात. किती वेळ रडले ते माहीत नाही. दुखत होतं, छातीत, खरंच दुखत होतं. ते चहा ठेवायला गेले. साखर विसरले.

आता फाइल उघडी आहे. सरांचे दोन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. पहिलं वाक्य झालंय. ते दादाच्या नावानं सुरू होतं. आमच्या अहवालांत कुणाचं नाव घालत नाहीत, कोड नंबर घालतात. अजून खोडलेलं नाही.